शाकाहारी गॅस

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारी टाकी बसली ती माझ्यामुळे, हे मी आजही ठणकावून सांगते. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. उल्हासनगरच्या खोलीत आई जीन्सचे धागे कापायची आणि मी शेजारी बसून केमिस्ट्री पाठ करायची. आता अंबरनाथला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. त्यामुळे मीटिंगमध्ये कुणी "वास येईल, स्फोट होईल" म्हणालं की मीच उभी राहायचे. भाजीची देठं, शिळा भात, चहाचा चोथा आत कुजतो, त्याचा गॅस होतो, उरलेला रबडा झाडांना. निळी ज्योत पेटली त्या दिवशी वॉचमनने पहिला चहा मला दिला.

मग सोसायटीचा सत्यनारायण आला. प्रसाद दरवर्षी खालच्या हॉलमागे होतो, आणि तिथली शेगडी आता टाकीला जोडलेली.

"खरकट्याच्या गॅसवर प्रसाद?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मीटिंगमध्ये म्हणाल्या. "त्यात कोणाकोणाच्या घरचं काय काय असतं, देवालाच ठाऊक."

"देवाला ठाऊक आहे ना, मग झालं की!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. काकू हसल्या नाहीत.

"सरळ सिलिंडर आणा. नाहीतर आमच्या घरचं कुणी प्रसादाला हात लावणार नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, टाकी तुमची. तोडगाही तुम्हीच काढा."

एकदा सिलिंडर आला की तो परत जात नाही, आणि मला टाकी हरायला नको होती. मी म्हटलं, हाडं टाकीत पचत नाहीत. तेव्हा मटण-मासळीचा कचरा वेगळा ठेवू, लाल बादलीत. ज्यांना लागेल त्यांनी बादली मागून न्यावी. टाकीत फक्त शाकाहारी.

हाडं पचत नाहीत हे खरंच आहे. पण माशांची डोकी, उरलेला रस्सा टाकी मजेत खाते, हेही मला माहीत होतं. ते मी बोलले नाही.

"म्हणजे शाकाहारी गॅस! वा मॅडम!" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

बादली मागायला कुणी आलंच नाही. रविवारी आमच्या जिन्यात मजल्यामजल्यावर मटणाचा वास असतो, पण लाल बादली एकाच दारात, आमच्या. आम्ही बौद्ध, हे सगळ्यांना माहीत होतंच; आता दाराबाहेर रंगवून ठेवल्यासारखं झालं. आणि बाकीचे आपली हाडं पेपरात गुंडाळून गुपचूप आमच्याच बादलीत टाकायला लागले.

एका सकाळी आईने झाकण उघडलं. "काल आपण वरणभात खाल्ला. मग ही कोंबडी कुणाची गं?"

"असेल कुणाची. जाऊ दे ना आई."

"टाकीत का नाही टाकत?"

मी हाडांचं सांगितलं.

"बरं. आणि बोंबलाच्या डोक्यांना काय हाडं असतात एवढी?"

मी फोन बघत राहिले. तिने बादलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "गॅसलापण जात चिकटवलीस? एवढं शिकून?"

पूजेला शिरा त्याच शेगडीवर झाला. काकूंनी स्वतः ढवळला. मला पुष्पगुच्छ मिळाला. आई खाली आली नव्हती, म्हणून तिच्यासाठी द्रोण घेऊन वर गेले. तिने शिरा सगळा खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, हात धुतले आणि लाल बादली उचलून खाली रिकामी करायला लिफ्टकडे निघाली.

"आई, आत्ता नको. खाली सगळे आहेत."

"असू देत. मी काय चोरून नेतेय?"

लिफ्टचं दार बंद झालं. मी गुच्छ हातात घेऊन पॅसेजमध्ये उभी.

आई रोज बादली लिफ्टनेच नेते. ती गावाला गेली की मी नेते, बादलीवर जुनी ओढणी टाकून, जिन्याने. पुढच्या मीटिंगला सांगायचंय की माशांचं टाकीत चालतं, आधीही चालत होतं, आणि ही बादली काढा. एवढंच वाक्य. जिना उतरताना मी ते म्हणून बघते, आणि वर कुणाचं दार वाजलं की मध्येच थांबते.