म्युरिएलचा बंब

म्युरिएल ग्रीनवुडला "कशा आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "तक्रार नाही." पाय मोडून प्लास्टरमध्ये होता तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. उमेदीची वीस वर्षं तिनं इथल्या, इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डनच्या, कापडगिरणीत घालवली. मागांच्या खडखडाटात ऐकू काही यायचं नाही, बायका ओठ वाचून गप्पा मारायच्या. त्यामुळे ऐंशीच्या घरात गेल्यावरसुद्धा ती प्रत्येक शब्द तोंड वासून उच्चारायची, जणू समोरचा बहिराच आहे. मला तिचं आधी हसू यायचं.

मी मूळचा मिरजेचा, पण पंचवीस वर्षं इथंच घरोघरी पाणी तापवायचे बॉयलर बसवतोय. हेमंत हे नाव इथल्या जिभेला जड, म्हणून सगळे हेम म्हणतात. माझा हात चांगला आहे, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

म्युरिएलनं मला बोलावलं तेव्हा मार्च महिना होता. तिचा जुना बॉयलर अखेरच्या घटका मोजत होता. वरच्या मजल्यावर कपाटात तांब्याचा मोठा बंब आणि माळ्यावर पाण्याची टाकी. हे सगळं काढून कॉम्बी घ्यावा का, एवढंच तिला विचारायचं होतं. कॉम्बी म्हणजे भिंतीवरची एक पेटी. पेटीला टाकी नको, बंब नको. नळ सोडला की पाणी तिथल्या तिथे तापतं.

"आर्नल्डची आंघोळ होईल ना रे त्यात?" तिनं विचारलं. आर्नल्ड तिचा नवरा. अर्धांगवायूनं त्याची एक बाजू गेली होती. संध्याकाळी साडेसहाला कौन्सिलनं धाडलेली मदतनीस बाई यायची, दोघी मिळून त्याला उचलायच्या पाळण्यात बसवून टबात उतरवायच्या. दिवसभरात त्याला सुख असं तेवढंच.

"राजासारखी होईल," मी म्हणालो.

"आमची सगळी रांग एकाच पाइपावर आहे, बाळा. नऊ घरं. चालेल ना?"

एवढं स्पष्ट विचारलं तिनं. तोंड वासून, एकेक शब्द सुटा करून.

खरं तर अशा वेळी संध्याकाळी परत यायचं असतं. सगळी घरं जेवणाखाणाला लागलेली असताना नळाखाली मापाचं भांडं धरायचं, मिनिटाला किती पाणी येतं ते बघायचं आणि मग बोलायचं. मी भांडं धरलं ते सकाळी अकराला. रांगेतले सगळे कामावर, पाणी धो धो. कागदावर 'स्वतंत्र जोडणी' या रकान्यात बरोबरची खूण केली आणि म्हणालो, "पाइपाची काळजी माझ्यावर सोडा. तुम्ही चहा टाका."

तिनं चहा टाकला. सोबत आल्याचा केकही दिला.

दोन दिवसांत काम झालं. जुना बंब मी भंगारात घातला. तांब्यावर आमचा हक्क असतो, धंद्याची रीतच आहे ती. त्या शुक्रवारी मी आणि तिघं दोस्त पबमध्ये बसलो ते तिच्या बंबाच्या पैशांवर.

म्युरिएल रस्त्यात भेटली की मी मुद्दाम विचारायचो, "काय म्हणतो कॉम्बी?" "फार छान, बाळा. तक्रार नाही." वर तिनं रांगेत माझी जाहिरातच चालवली. उन्हाळ्यात सोळा नंबरच्या घरानं कॉम्बी घेतला, मग अठरानं, दिवाळीच्या सुमाराला चौदानं. माझी छाती फुगलेली.

जानेवारीत चौदा नंबरच्या शीलाकडे काही किरकोळ काम निघालं. ती दिवसा नोकरीवर, म्हणून संध्याकाळी गेलो. तपासायला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून ठेवला. सगळं ठीक होतं. निघताना वाटलं, शेजारी म्युरिएलला भेटावं, केकचा तुकडा मिळेल. मागच्या दारानं हाक मारत आत गेलो.

शेगडीच्या चारही तोंडांवर पातेली चढवलेली. किटली वेगळी. म्युरिएलचे हात कोपरापर्यंत लालबुंद. वरून कौन्सिलच्या बाईचा आवाज आला, "अजून एक आणा हो, गार पडतंय याला!"

म्युरिएल मला बघून दचकली आणि पातेल्यांच्या पुढं उभी राहिली.

"चहा टाकत होते," ती म्हणाली.

"चार पातेली चहा?"

"पाहुणे येणार आहेत."

मी नळ सोडला. आधी कोमट, मग करंगळीएवढी धार, मग बर्फ. पेटी ठक्कन विझली.

"कधीपासून?"

"अरे, सहा ते आठच जरा असं होतं. बाकी वेळ उत्तम आहे."

"म्युरिएल, कधीपासून?"

ती माझ्याकडे न बघता पातेल्यावरचं झाकण सारखं करत राहिली. "पहिल्यापासून थोडं थोडं. सोळावाल्यांचा बसल्यावर जास्त झालं. अठरानंतर पातेली सुरू केली. आता शीलानं नळ सोडला की काहीच येत नाही."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. माळ्यावरच्या टाक्या दिवसभर हळूहळू भरायच्या, म्हणून एका पाइपावर नऊ घरं निभत होती. त्या टाक्या मी एकेक करून काढल्या होत्या. प्रत्येक कॉम्बी थेट पाइपातून ओढणारा, आणि प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याकडे धाडलेलं तिनंच. बाकीच्यांना चार मिनिटांचा शॉवर पुरत होता. टब भरायचा होता तो फक्त आर्नल्डचा.

"मला सांगायचं तरी!"

"तू इतका खुशीत होतास त्या दिवशी," ती म्हणाली. "आणि पाइपाची काळजी तू घेतो म्हणालास. मला वाटलं, घेत असशील."

मी दोन पातेली उचलून जिन्यानं वर नेली. आर्नल्ड वीतभर पाण्यात बसला होता, खांद्यावर टॉवेल. दात वाजत होते त्याचे. मला बघून त्यानं चांगला हात वर केला, 'ये' म्हणाल्यासारखा. मला त्याच्याकडे बघवेना. दहा महिने हा माणूस कुडकुडत होता आणि मी केक खात होतो.

पुढच्याच आठवड्यात मी माळ्यावर नवी टाकी आणि कपाटात नवा बंब बसवला, पदरचे पैसे घालून. बंब घरात नेत होतो तेव्हा अख्खी रांग खिडक्यांत. म्युरिएल माझ्या कानाशी आली. "हे बघ, मीच हट्ट धरला असं सांगू या. तुझं नाव कशाला खराब करायचं? तुला पोटापाण्याचं बघायचंय."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. नंतर बावीस नंबरनं फोन करून कॉम्बी मागितला, तेव्हाही मी "तुमचा पाइप जुना झालाय" एवढंच सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं.

पुढच्या शुक्रवारी तळलेला मासा आणि चिप्स विकणाऱ्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढं शीला, तिच्यापुढं म्युरिएल. दुकान गच्च भरलेलं.

"हेम, दया येते रे तुझी," शीला सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दहा महिन्यांचा धडधाकट कॉम्बी, आणि म्हणे बंब पाहिजे! आमच्या म्युरिएलबाईंचा एक स्क्रू ढिला झालाय. उद्या माग बसवून मागतील स्वयंपाकघरात."

दुकान हसलं. तळणारा पोऱ्यासुद्धा झारा थांबवून हसला. म्युरिएलही हसली, सगळ्यांच्या वर. "झालाय खरा ढिला, गं! म्हातारपणी माणूस हट्टी होतं. या बिचाऱ्यानं ऐकून घेतलं माझं."

बोलून तिनं मागं वळून माझ्याकडे बघितलं. दुकानात गलका होता, पण तिचे ओठ हलले ते मला नीट वाचता आले. 'गप्प बस,' ती म्हणत होती.

आणि मी गप्प बसलो. माझा नंबर आला तेव्हा मान खाली घालून म्हणालो, "एक मासा, चिप्स, आणि वाटाणे."