डोंगर पाहून सूर लावणारा साडू

संगीतातलं ओ की ठो कळत नसताना अख्खा वाद्यवृंद सुरात आणणारा माणूस नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून तोंडावर मी त्याला साडूभाऊ आणि तुम्ही म्हणतो. इथे मात्र तो तोच राहील. सदऱ्याच्या खिशाला लोक पेन लावतात, हा स्क्रू ड्रायव्हर लावतो. बंद पडलेली वस्तू दिसली की याला चैन पडत नाही. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला नवरदेव पाटावर बसला तरी काकांचा पत्ता नव्हता; शेवटी ते मांडवामागे स्पीकरचं पोट उघडून बसलेले सापडले. बायकांची गाणी माईकशिवाय झाली, पण स्पीकर दुसऱ्या दिवशी बोलायला लागला आणि आठवडाभर साडू त्या लग्नाचं कौतुक करत होता.

मी शाळेत क्लार्क. आमच्या शाळेचा वाद्यवृंद म्हणजे एकोणीस पोरं, बासऱ्या, पेट्या, ढोलक्या आणि झांजा. संगीताचे सर बदलून गेले ते गेलेच. पोरं आसपासच्या खेड्यांतली, पाचची बस चुकली तर घरी पोचायची पंचाईत, त्यामुळे शाळा सुटल्यावर सराव नाही आणि घरी शिकवणारं कोणी नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमची अशी काही फजिती झाली की मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, पुढच्या वर्षी नंबर आला नाही तर सगळी वाद्यं संस्थेच्या शहरातल्या शाळेला जातील. हे मी घरी जेवताना बोललो आणि समोर साडू बसला आहे हे विसरलो. त्याच महिन्यात शाळेतल्या जुन्या संगणकांचं निर्लेखन झालं होतं. माझ्या सहीनं बाद ठरलेली ती मढी त्यानं रीतसर अर्ज करून उचलली आणि तीन मेलेल्यांतून एक जिवंत, या हिशोबानं उठवली. मग स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून एकेक संगणक पोरांच्या घरी निघाला, जवळ राहणाऱ्या पोरांत मिळून एक. हेल्मेट संगणकाला, साडू बोडका. शहाद्याच्या रस्त्यावर पोलिसानं अडवलं तेव्हा हा शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाला, "मन्हं डोकं फुटनं ते टाका पडतीन, साहेब. याना डोकामा पोऱ्यास्ना सूर शेतस." साहेबांनी हात जोडून त्याला जाऊ दिलं.

सूर भरले होते लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेट मास्तरांनी. साडूच्या ओसरीवर बसून त्यांनी स्वतः बांधलेली एक धून वाजवली, ती यानं माईक लावून संगणकात भरली, आणि मग ती कानाला लावून बँडच्याच इतर वादकांनी बाकीची वाद्यं भरली. पोरांनी घरी ते ऐकायचं, तसं वाजवायचं आणि आपलंही भरून ठेवायचं. दर रविवारी साडू पेन ड्राइव्ह घेऊन गावोगाव फिरायचा. कळसाडीच्या एका घरात सुरक्षित प्लग देवघरातच होता, म्हणून संगणक देवांशेजारी बसला. आजी रोज त्यालाही हळदकुंकू वाहायच्या आणि साडू दर रविवारी न बोलता कीबोर्ड पुसायचा.

आता ऐकून कळत नाही, तर तपासायचं कसं? साडूनं तोड काढली. आवाज भरला की पडद्यावर त्याच्या उंचसखल रेघा दिसतात, त्यांना तो डोंगर म्हणायचा. वर मास्तरांचे डोंगर, खाली पोराचे. "तुन्हा डोंगर मांगे पडी ऱ्हायना, भाऊ," असं म्हणाला की पोरगं ताल सावरायचं. मधे एका ठिकाणी मास्तरांच्या रेघेत लांबलचक सपाटी होती. तिथे एक पोर भरभरून वाजवत पुढे गेलं, तर साडूनं त्याला चार वेळा परत बसवलं. "मास्तरनी आठे सपाट ठेवेल शे, तू काबर डोंगर उभा करी ऱ्हायना?" मास्तर उगाच थांबायचे नाहीत, असा त्याचा ठाम विश्वास होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळे एकत्र वाजवायचे, पण मी तेव्हा पगारबिलं घेऊन तालुक्याला असायचो, त्यामुळे मी काही ऐकलं नव्हतं.

ऐकलं ते थेट स्पर्धेत. साडू, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी तिसऱ्या रांगेत. पोरं अशी वाजवायला लागली की माझ्या अंगावर काटा आला. आणि ऐन रंगात आलेली धून एकदम थांबली. एकोणीसच्या एकोणीस पोरं गप्प. ना कोणी हललं, ना कोणी कोणाकडे पाहिलं. मला वाटलं, विसरली. वाद्यं गेली. मागे कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात वहिनी माझ्या कानाशी कुजबुजल्या, "आठेच ते मन्हा चहा उना व्हता. मास्तरनी पिधा, मंग पुढे वाजाडं." मी साडूकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आवाज साफ करताना कपबशीचा खणखणाट आणि वहिनींची हाक त्यानं कापून टाकली होती. चहाची शांतता मात्र मास्तरांची कला समजून जपली होती.

मास्तरांचा चहा संपला आणि एकोणीस वाद्यं एका क्षणाला, एका ठोक्यावर परत उठली. सभागृह उभं राहिलं. गावं वेगळी, घरं वेगळी, पण प्रत्येक पोर तो चहा शेकडो वेळा प्यायलं होतं. परीक्षकांनी पहिला नंबर देताना सांगितलं की वाजवणं शिकवता येतं, इतकं एकत्र थांबणं त्यांनी आजवर कुठल्या शाळेत पाहिलं नाही. मुख्याध्यापकांनी तिथेच जाहीर केलं, वाद्यं कुठे जात नाहीत. परत येताना पोरांनी बस डोक्यावर घेतली आणि साडू मागच्या सीटवर वहिनींचा हात धरून बसला होता, आम्ही सगळे बघत असताना. मला इतका अभिमान माझ्या लग्नातही वाटला नव्हता, त्याचा आणि त्याचा साडू म्हणून माझाही.

या जूनमध्ये कळसाडीच्या त्या देवघरवाल्या घरातली पोरगी दहावी होऊन धुळ्याला शिकायला गेली. बासरी तिची होती. तिच्या वडिलांनी संगणक परत आणून दिला, कारण पाचवीतलं एक नवं पोरगं वाट पाहत होतं. साडूनं तो पुसून कोरा करायला घेतला आणि त्यात तिचं सगळं सापडलं, पहिल्या दिवसाच्या नुसत्या फुंकेपासून शेवटच्या दिवसापर्यंत, आणि मधे मधे आजीचं देवाचं पुटपुटणं. आजी गेल्या चैत्रात वारल्या होत्या. "पुसू का?" साडूनं मला विचारलं. मग तो उठला, आतला स्वतःचा संगणक काढला, स्कूटरवर बसवला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि नव्या पोराच्या गावाला निघून गेला. पोरीचा संगणक अजून त्याच्या ओसरीवर आहे, आणि त्यात कोणी काही भरायचं नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे.