सुमनताईची गाठ आणि थोरांची बैठक

घरात वडीलधारी माणसं आहेत तोवर किश्श्यांना तोटा नाही. मेडिकल अर्ध्यात सोडून मी वर्ध्याला परत आलो, त्या काळात माझ्या बहिणीच्या, सुमनताईच्या, एका पोटावरून त्यांनी जे किस्से घडवले तेवढेच सांगतो. ताई आता ठणठणीत आहे, हसत ऐकते. मला अजून हसू येत नाही.

*

ताईचं पोट उजवीकडे बरगडीखाली फुगायला लागलं. वडनेरला तिच्या सासूने थेट डोहाळजेवणच मांडलं. "उजवीकडे हाय, म्हणजे पोरगाच."

मी म्हटलं, "पोर बरगडीखाली राह्यते काय?"

"तू त कॉलेज सोडून आला. तुले काय समजते?"

*

पोर काही झालं नाही. मग आमचे घरचे म्हातारे डॉक्टर. त्यांच्या मते आपल्या भागात लिव्हर सुजलं की आवेचा गळू, दुसरा रोगच नाही. ताईला ना ताप, ना आव. तरी इंजेक्शनं दिली, मग सुई खुपसली. पू निघालाच नाही, निघालं चिकट तपकिरी पाणी.

"पू पातळ झाला. औषध लागू पडलं," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी त्यांना शाल पांघरली. पोट पुन्हा भरलं.

*

दुसऱ्यांदा सुई घातल्यावर पोट जरा उतरलं. सासरे तिला घेऊन नवस फेडायला केळझरच्या गणपतीला गेले. परत येताना पोट पुन्हा वर दाबायला लागलं, बैलगाडीत ताईला श्वास घेता येईना. सासरे म्हणाले, "रस्ताच खराब हाय."

*

शेवटी भांडून मी तिला वर्ध्याच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, सुईने थोडं काढून ते तपकिरी पाणी पाहिलं. "हा गळू नाही. लिव्हरवरची गाठ आहे, फार दुर्मिळ. संत्र्यासारखे आत कप्पे असतात. सुईने एक रिकामा होतो, बाकीचे तसेच. सालीसकट काढली नाही तर पुन्हा भरेल. पुढे कॅन्सरही होऊ शकतो."

बाबांनी विचारलं, "पण आमचे डॉक्टर वयानं मोठे आहेत. त्यायले वाईट नाई वाटणार?"

*

ऑपरेशनच्या दिवशी सगळे थोर व्हरांड्यात बसले. एकाला अमावस्या आठवली. सासरे म्हणाले, सून आमची, आम्ही ठरवू. बाबा म्हणाले, जन्म आम्ही दिला.

मी म्हटलं, "ताईलेच विचारा ना."

"बाईमाणसाले काय इचारतं?"

तेवढ्यात सर्जन बाहेर आले. "काय ठरलं?"

"सोमवारी सांगतो," सासरे म्हणाले.

"मग तिला टेबलावर कोणी झोपवलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर तिथंच उभा होतो.

सर्जनच्या मागून नर्स म्हणाली, "त्या सोताच चालत आल्या. म्हणे, बाहेरच्यायचं चालू द्या, तुम्ही सुरू करा."