कर्णिक मॅडम घाबरल्या होत्या

श्रीमती सुमन कर्णिक यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अंबरनाथच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात, मुलाखतीच्या टेबलापलीकडे. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली सिंधी मुलगी. वडिलांचं कापडाचं दुकान, हातात बी.एस्सी.ची ताजी पदवी. टेबलामागे तीन पुरुष अधिकारी आणि मुख्य केमिस्ट म्हणून मॅडम. एका साहेबांनी विचारलं, "तुमच्या लोकांत मुली नोकरी कुठे करतात? वर्षभरात लग्न होईल, मग आम्ही काय करायचं?"

मॅडमनी त्या साहेबांकडे वळून विचारलं, "मघाच्या मुलाला लग्नाचं विचारायचं राहून गेलं का?" साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. मग त्यांनी मला टायट्रेशनविषयी दोन प्रश्न विचारले. उत्तरं आली, नोकरी लागली.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाबद्दल आणि कामगारांसाठी त्यांनी केलेल्या सोयींबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते एका दुपारविषयी.

मी रुजू झाल्यानंतर तीन-एक वर्षांची गोष्ट. वर्क्स मॅनेजर साहेब मुंबईच्या हेड ऑफिसला गेले होते आणि कारखान्याचा चार्ज मॅडमकडे होता. मी नमुना घ्यायला प्लांटमध्ये गेले, तेव्हा रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारा पंप बंद पडला होता. दुसरा पंप चालू होईना. आत नायट्रेशन चाललेलं. ती रासायनिक क्रिया स्वतःच तापत जाते. वेळीच थंड केली नाही तर भांडं फुटू शकतं. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकत होता.

मॅडम धावत आल्या. काटा पाहिला आणि ऑपरेटर बाळारामला म्हणाल्या, "बॅच खाली सोड." खाली पाण्याची मोठी टाकी होती. त्यात माल सोडला की धोका टळतो, पण माल वाया जातो. आणि तो माल परदेशी जायचा होता.

बाळाराम बदलापूरजवळच्या गावचा, हुशार, शब्दाला पक्का माणूस. त्याचा हात व्हॉल्व्हवर गेला आणि तिथेच थांबला. त्यानं मॅडमकडे नाही, प्रॉडक्शनच्या देवधर साहेबांकडे पाहिलं. देवधर पदानं आणि वयानंही मॅडमपेक्षा लहान.

"मॅडम, घाबरू नका," देवधर म्हणाले. "फिटर लागलाय कामाला. पंप होईल चालू. थोडं थांबू."

काटा सरकतच होता. बाळारामची नजर अजून देवधरांवर होती. त्यात उद्धटपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. अशा वेळी हुकूम पुरुषाच्या तोंडून येतो, एवढंच त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझीही नजर देवधरांकडेच गेली होती.

मॅडमनी आवाज चढवला नाही. बाळारामच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याला देवधर दिसणार नाहीत अशा. "बाळाराम, चार्ज माझ्याकडे आहे. जे होईल ते माझ्यावर. सोड."

त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. खाली टाकीत मोठा आवाज झाला, वाफेचे लोट उठले. थोड्या वेळानं दुसरा पंप धडधडत चालू झाला.

तिथून खरी काळजी सुरू झाली. स्फोट झाला नाही, म्हणून तो होणार होता हे दाखवायची सोयच उरली नाही. कँटीनमध्ये बोलणं सुरू झालं. "पंप तर झालाच ना चालू? बाईमाणूस, हडबडून गेली." कुणी म्हणे, "अपने साहब होते तो बॅच बचा लेते." माझ्या घरीही बातमी पोचली. बाबा सिंधीत म्हणाले, "पुट, बाळा, जिथं बायकांचं कुणी ऐकत नाही तिथं जिवावरचं काम कशाला करायचं?"

चौकशी लागली. ती होईपर्यंत मॅडम रोज वेळेवर येत, प्रयोगशाळेत काम करत, पण डबा उघडून तसाच बंद करताना मी त्यांना पाहिलं आहे. एकदा मी विचारलं, "मॅडम, काय होईल?" त्या म्हणाल्या, "ठाऊक नाही गं. रात्री मलाच वाटतं, थोडं थांबायला हवं होतं का? मग तो काटा डोळ्यांसमोर येतो."

चौकशीला मी साक्षीदार म्हणून हजर होते. मुंबईहून आलेले संचालक मॅडमना म्हणाले, "देवधर म्हणतात, तुम्ही घाबरून निर्णय घेतलात."

मला वाटलं, त्या नाकारतील. मॅडम म्हणाल्या, "हो, मी घाबरले होते. तापमान असं चढत असताना जो घाबरत नाही, त्याला मी रिअ‍ॅक्टरजवळ उभा करणार नाही."

वर्क्स मॅनेजर साहेब तेव्हा बोलले. "देवधर, मागे मीही अशीच एक बॅच सोडली होती. आठवतंय?"

"हो, सर."

"तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

देवधरांनी मान खाली घातली. "म्हणालो होतो, साहेबांचा अनुभव मोठा."

"मग तोच निर्णय यांनी घेतला तर ती भीती कशी?"

देवधर वाईट गृहस्थ नव्हते; आपण दोन मापं वापरतो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. पुढे ते मॅडमचे जवळचे सहकारी झाले.

मॅडम निर्दोष ठरल्या. पण वर्क्स मॅनेजर साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी बाहेरून एक गृहस्थ आणले गेले. कारण कुणी सांगितलं नाही. ती खुर्ची मॅडमना मिळाली ती थेट नव्वदच्या दशकात, मधली बरीच वर्षं गेल्यावर.

त्यांच्याकडून मी सर्वांत मोठी गोष्ट शिकले ती या चौकशीनंतर. प्लांटच्या कामाचं प्रशिक्षण घ्यायला प्रयोगशाळेतून एकाला निवडायचं होतं. मॅडमनी माझ्या मागून आलेल्या एका मुलाचं नाव दिलं. मला वाईट वाटलं, मी बोलले नाही. आठवड्यानं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कविता, माझ्याकडून चूक झाली. पाळ्या कराव्या लागतील, तुझ्या घरचे सोडणार नाहीत, असं मी मनाशीच धरून चालले. तुला विचारलंसुद्धा नाही."

"मॅडम, विचारलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते."

"म्हण की. पण ते तू म्हणायचं, मी नाही."

दुसऱ्या दिवशी मी हो म्हणाले आणि मॅडमनी माझंही नाव दिलं. बाबांना समजवायला मॅडम स्वतः विठ्ठलवाडी स्टेशनवरून रिक्षा करून आमच्या दुकानात आल्या, गाठोड्यांमध्ये बसून चहा प्यायल्या. "मुलीला काही झालं तर?" बाबांनी विचारलं. "काही होणार नाही, असं मी कसं सांगू?" मॅडम म्हणाल्या. "मलाही तिची काळजी वाटेल. प्लांटमधल्या मुलांची वाटते तेवढीच." बाबांनी आणखी एक चहा मागवला आणि पाळीची वेळ विचारली.

मॅडम वर्क्स मॅनेजर झाल्यावर बैठकीत सर्वांत नव्या माणसाला आधी बोलायला लावत आणि स्वतः शेवटी बोलत. मोठ्यांचं मत आधी कळलं की बाकीच्यांची मतं त्याच बाजूला झुकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या कारकिर्दीत प्लांटमध्ये तीन मुली रुजू झाल्या आणि कुणालाही लग्नाची तारीख विचारली गेली नाही.

आता मॅडम निवृत्त झाल्या आहेत आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्या जागेवर मी बसणार आहे. अभिनंदनाला येणाऱ्यांना मी हसून चहा देते. पण एकटी असले की भीती वाटते. उद्या मी हुकूम दिला आणि समोरचा माणूस माझ्या शेजारच्याकडे पाहू लागला तर? आणि एखाद्या कामगाराचं आडनाव ऐकून, त्याची भाषा ऐकून माझंच मत आधी बनून गेलं तर मला ते कोण सांगेल?

म्हणून मॅडम, तुमच्या साठीच्या या सोहळ्यात मी जे मागते आहे त्यात माझा स्वार्थ आहे. तुमची तब्येत ठणठणीत राहो, झोप शांत लागो. आणि मी कधीही अवेळी फोन केला तरी कुळगावच्या तुमच्या घरात तो पुढची खूप खूप वर्षं तुम्हीच उचलावा.