न्यूट्रलमामांच्या जोड्या

माझ्या एका धक्क्यात सदतीस मोटारसायकली आडव्या झाल्या, ती माझी आणि न्यूट्रलमामांची पहिली भेट. मला फक्त गल्लीची रुंदी मोजायची होती. टेप ताणत मी मागे मागे सरकत होतो. पाठीला काहीतरी लागलं, ते कलंडलं, आणि मग एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला निरोप देत अख्खी रांग कोपऱ्यापर्यंत झोपली. आवाज थांबल्यावर मी डोळे उघडले. समोर साठीला टेकलेला, काटकुळा, खाकी शर्टातला माणूस उभा. म्हटलं, आता आपली धडगत नाही.

"साहेब," तो म्हणाला, "उचलताना हँडलला धरा, आरशाला नको."

दोघांनी मिळून गाड्या उचलल्या. म्हणजे त्यांनी पस्तीस उचलल्या आणि मी दोन.

मी वाहतूक खात्यात मोजणी कारकून. शहरात माणसं मावेनात इतक्या मोटारसायकली झाल्या होत्या. त्या कमी कशा करायच्या हे वर ठरणार होतं, आणि त्याआधी कुठे किती लागतात हे खाली मोजायचं होतं. खाली म्हणजे मी.

कचेऱ्यांच्या मागच्या त्या गल्लीत मामांचा स्टँड चोवीस वर्षांचा. "गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडल लॉक करू नका!" यापलीकडे सकाळच्या घाईत ते दुसरं वाक्य बोलत नसत, म्हणून हे नाव. खरं नाव एकट्या मामींना ठाऊक असावं, आणि त्या 'अहो' म्हणत.

गाडी न्यूट्रलमध्ये हवी, कारण मामा दिवसभर गाड्या सरकवत असत. त्यांची रांग येण्याच्या क्रमाने नव्हती, जाण्याच्या क्रमाने होती. पाचला सुटणारे विमा कचेरीवाले पुढे, सहाचे मधे, आणि घरी जायची फारशी घाई नसलेले पार भिंतीशी. एक टायपिस्टबाई महिनाभर भिंतीशी होत्या. सासूबाई परगावी गेल्या तशा त्या पुढच्या रांगेत आल्या.

एकाच वस्तीतून एकाच वेळी दोन गाड्या आलेल्या मात्र मामांना बघवत नसत. "कॅशियरसाहेब, तुम्ही आणि हे ड्राफ्ट्समन एका भिंतीआड राहता. दोन गाड्या काय शर्यत लावायला आणता?" अशा एक्केचाळीस जोड्या त्यांनी जुळवल्या होत्या. आज याची गाडी, उद्या त्याची. एका जोडीचं तर पुढे खरंच लग्न झालं. "मी फक्त पेट्रोल वाचवायला सांगितलं होतं," मामा म्हणत.

हे सगळं त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या तक्त्यात जोड्यांसाठी रकाना नव्हता. मी ऐकलं, हसलो, लिहिलं नाही.

"मोजून झाल्यावर स्टँड ठेवतील ना साहेब?" त्यांनी विचारलं. मामी डबा घेऊन आल्या होत्या. झाकण काढता काढता त्यांचा हात थांबला.

मला वरचं काहीच माहीत नव्हतं. पण सदतीस गाड्या पाडलेल्या माणसाला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटतंच. "आकडा मोठा आला, की वरच्यांना गरज कळते मामा. पाटी मिळेल, छप्परसुद्धा मिळेल."

"किती मोठा?"

"जितका मोठा तितका बरा."

मोजणी सोमवारी होती. गल्लीत रोजच्या गाड्या एकशे ऐंशी. त्या सकाळी कॅशियर आपल्या गाडीवर आले आणि त्यांच्या मागोमाग ड्राफ्ट्समन आपल्या. दोघंही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. लग्न झालेलं जोडपंही दोन गाड्यांवर आलं, आणि बायको पुढे होती. मामांनी शुक्रवारीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आरसे दुमडून, इंच इंच सरकवून त्यांनी एकूण एक गाडी आत बसवली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मला त्यांनी डोळा मारला. मीही हसलो आणि लिहिलं : दोनशे एकवीस.

महिन्याभराने वरून कागद आला. ज्या गल्लीत दोनशेच्या वर मोटारसायकली लागतात ती गल्लीच लोकांना मोटारसायकलने यायची सवय लावते, सबब अशा गल्ल्या आधी बंद.

मी आमच्या खात्यातल्या साहेबांकडे धावलो. "साहेब, त्यातल्या एक्केचाळीस नेहमीच्या नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही खोटा आकडा लिहिलात?"

हो म्हटलं असतं तर गल्ली कदाचित वाचली असती. घरी दोन पोरं, आईचं औषध, निवृत्तीला अकरा वर्षं. "नाही साहेब," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब बसले. शेवटच्या संध्याकाळी मामांनी भिंतीशी राहिलेली गाडी स्वतः ढकलत बाहेर आणून दिली आणि रिकाम्या गल्लीत जरा वेळ उभे राहिले. जोड्या पांगल्या. कॅशियर आता कुठेतरी पुलाखाली गाडी लावतात, ड्राफ्ट्समन दवाखान्याच्या कुंपणाशी. कचेऱ्यांकडे येणाऱ्या रस्त्यावर गाड्या उलट वाढल्या. तो आकडाही मीच मोजला.

दोन महिने धीर झाला नाही. मग एका रविवारी मामांकडे गेलो. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीत खाकी शर्ट धुऊन वाळत घातलेला. तो आता कशासाठी धुतला, हे विचारवेना. मामींनी "बसा" म्हटलं आणि चहा दिला. साखर घालायला विसरल्या होत्या. मी मागितली नाही. मामा आत नव्हते.

"जिन्यात असतील," मामी म्हणाल्या. "दिवसभर हेच. वर राहणाऱ्यांच्या चपला लावत बसतात. कोण आधी बाहेर पडणार, त्याच्या पुढे."

बाहेर आलो. मामा पायरीवर उकिडवे बसले होते. चपलांची रांग सरळ रेषेत होती, आणि माझे बूट सगळ्यांच्या पुढे लावून ठेवले होते.

"मामा," मी नाडी बांधत म्हणालो. मान वर करवत नव्हती. "तुम्ही त्या दिवशी जोड्या मोडायला नको होत्या."

त्यांनी एक चप्पल बोटभर मागे सरकवली.

"मोठा आकडा तुम्हीच मागितला होता, साहेब."