स्वच्छ टेप

सिनेमात नायकाचं हाड मोडतं तेव्हा खरं तर गाजर मोडलेलं असतं. आग लागते ती चुरगाळलेल्या चॉकलेटच्या कागदांची. बर्फातली पावलं म्हणजे कापडी पिशवीत भरून मुठीनं दाबलेलं मक्याचं पीठ. ही सगळी लबाडी ज्यांच्या हातची, त्यांना स्टुडिओत आवाजमास्तर म्हणत. पडद्यावर त्यांचं नाव इतक्या शेवटी यायचं की तोवर झाडूवाला थिएटरात शिरलेला असायचा.

मास्तरांना एकच गोष्ट जमत नसे, बाईचं चालणं. त्यांचं पाऊल जड. नायिका गच्चीवर आली की कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटे. निर्मात्यानं एकदा चारचौघांत खरडपट्टी काढली, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी घरून बायकोलाच घेऊन आले. पुढची सात वर्षं झाडून सगळ्या नायिका तिच्या पायांनी चालल्या. वाळूच्या ट्रेमध्ये, लाकडी फळीवर, फरशीच्या तुकड्यावर, पडद्याकडे बघत ती जागच्या जागी चालायची, पळायची, जिने उतरायची.

पण तोंडाला कुलूप म्हणून ठाऊक नाही. माईक चालू असतानाच म्हणायची, "अहो, एवढ्या उंच टाचांत पळवताय हिला, पडेल ना बिचारी!" झालं, टेप खराब. कामाच्या बाबतीत मास्तर कर्दनकाळ.

"अगं, तू चालायला आलीयेस की बोलायला?" असं करवादत ते ब्लेड घ्यायचे, तिच्या बोलण्याचा तुकडा टेपमधून कापून टोपलीत टाकायचे आणि उरलेली टोकं चिकटवायचे. तिचं हसू, तिची शिंक, गुणगुणणं, सगळं टोपलीत. आपल्या टेपवर पावलांखेरीज तीळभर आवाज सापडणार नाही, याचा केवढा ताठा होता त्यांना!

मुलगी दोन वर्षांची असताना बायको चार दिवसांच्या तापानं गेली.

तीच मुलगी परवा स्वतःच्या लेकीला कडेवर घेऊन आली. पोर नुकती बोलायला लागली होती, आणि तिचं बोलणं ऐकून मास्तरांची बहीण सहज म्हणून गेली होती, "अगदी आजीवर गेलीय!"

"बाबा, आई बोलायची कशी? मला काही म्हणजे काही आठवत नाही. जगाचे आवाज साठवलेत तुम्ही. तिचा एखादा असेलच की."

"असेलच," मास्तर म्हणाले. घरी रेकॉर्डर कधी आणलाच नव्हता, दिव्याखाली अंधार. पण स्टुडिओनं टाकून दिलेल्या टेपांची तीन खोकी त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती.

जुनं यंत्र पुसून दोघं सकाळीच बसली. पहिली टेप, पावलं. दुसरी, पावलं. मास्तर सांगत होते, "ही फळीवरची. आणि ही ऐक, तू पोटात होतीस तेव्हाची. डावं पाऊल कसं दमून पडतंय बघ." लेक मान हलवत होती. तिला पाऊल नको होतं, एखादा शब्द हवा होता. दुसरं खोकं संपलं तसे मास्तर यंत्राला कान लावून बसले. कुठेतरी आपला हात चुकला असेल, एखादी शिंक राहिली असेल, एवढीच त्यांना आशा होती. हात कुठेच चुकला नव्हता.

तिसऱ्या खोक्यातल्या शेवटच्या टेपवर जिना उतरणारी पावलं आली आणि थांबली. मग एक श्वास ऐकू आला. बोलण्याआधी माणूस घेतं तसा, आत ओढलेला. त्यापुढे पुन्हा पावलं.

लेक ताठ झाली. "बाबा! आईच ना ती? पुढे काय आहे?"

"पुढे माझं ब्लेड आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी टेपच्या त्या सांध्यावरून नख फिरवलं. नखाला काही लागलंसुद्धा नाही, इतका सफाईदार सांधा.

"काय म्हणणार होती ती?"

"'अहो' म्हणणार होती. तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं."

"कसं म्हणायची? म्हणून दाखवा ना, बाबा."

घोडे, आगी, वादळं, लढाया या माणसानं दोन हातांनी उभ्या केल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, श्वास आत घेतला, अगदी तिच्यासारखा, आणि तिथेच त्यांना रडू फुटलं.