कळंबच्या चौकात आमची गाडी थांबली, त्याची हकीकत

पुण्याहून निघताना मामंजींनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली ती काही राजीखुशीने नव्हे. बायकांनी मोटार चालवू नये असं माझ्या सासऱ्यांचं मत मुळीच नव्हतं. आपल्या घरातल्या बायकांनी चालवू नये, एवढंच होतं. पण नणंदेला, कुसुमला, अंबाजोगाईच्या शाळेत नोकरी लागली होती, हे दौऱ्यावर होते आणि तिच्या ट्रंका एस.टी.च्या टपावर टाकायला सासूबाई तयार नव्हत्या. तेव्हा नाइलाज म्हणून मी. जाताना मामंजींनी अट घातली, "लायसनवर एक जरी शेरा पडला, तर किल्ली माझ्याकडे. कायमची." ते बोलले की बोलले. महिनोन्महिने हट्ट करून मी गाडी शिकले होते. ती किल्ली म्हणजे माझ्या संसारातली माझ्या एकटीची म्हणावी अशी एकमेव वस्तू होती.

बार्शी सोडली की रस्त्याचा स्वभाव बदलतो. येरमाळ्याच्या घाटात गाडीने दोनदा पाणी मागितलं. वर पोचल्यावर मात्र डोळे निवले. दोन्ही अंगांना ज्वारी, मध्ये पिवळी करडई, आणि माणूस औषधालाही नाही. मराठवाडा आपल्यात आला, असं आम्ही पुण्याची माणसं म्हणतो. तिथल्या एका म्हाताऱ्याने पाणी देता देता विचारलं, "तुमी आता आमच्यात आला म्हणं?" मी हो म्हटलं. पाणी त्याचं होतं.

कळंबला पोचलो तो बाजाराचा दिवस. या गावात बाजाराच्या दिवशी जे जे उभं असतं, त्याच्यावर काही ना काही टांगलेलं असतं. खांबावर दोऱ्या, झाडावर मोटेची चामडी, उभ्या बैलगाडीच्या जुवावर लुगडी. शेळ्यांमधून वाट काढत मी चौक ओलांडला आणि शिट्टी वाजली. चहाच्या दुकानातून एक हवालदार मिशा पुसत बाहेर आले.

"ताई, पाटी दिसली न्हाय का?"

"कुठली पाटी?"

ते मला कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथं एका खांबावर काळी घोंगडी लटकत होती. हवालदारांनी ती नाटकाच्या पडद्यासारखी वर उचलली. आत कोरी करकरीत सरकारी पाटी होती: थांबा. नव्या राज्याने या चौकाला दिलेली ती पहिली भेट असावी. दिवसाकाठी तिथून मोटारी जात दोन, त्यातली एक एस.टी.

"पण ही तर झाकलेली आहे!"

"आज झाकलीय. पर कायदा हाय तितंच हाय," हवालदार म्हणाले, आणि माझं लायसन काढून घेतलं. उद्या कोर्टात हजर व्हायचं. दंड किरकोळ असतो, पण शेरा मात्र लायसनवर पडतो, हेही त्यांनी आपुलकीनं सांगितलं. मला भर बाजारात रडू फुटलं. कुसुम म्हणाली, "वहिनी, लोक बघतायत." बघत होतेच. मोटार चालवणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती, आणि चालवून रडणारी तर नाहीच नाही.

घोंगडीचा मालक बिरूदादा नावाचा धनगर होता. तो सगळ्यांत जास्त कासावीस झाला. "माज्यामुळं झालं बाई. चला, वकीलसायबाकडं चला," म्हणत त्याने घोंगड्या तशाच टाकल्या आणि आम्हाला गल्लीतून नेलं.

वकीलसाहेब हमीदमियाँ हे निजामाच्या अमदानीतले वकील. पांढरी दाढी, काळी शेरवानी. कोर्टाची भाषा आता मराठी झाली होती. ते अर्ज आधी उर्दूत लिहीत, मग स्वतःच स्वतःला मराठीत सांगत. माझी हकीकत त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"मग पाटी झाकलेली होती, हेच सांगू या," मी म्हटलं.

"नक्को बेटी," ते म्हणाले. "तसं बोललात तर सरकारी पाटी झाकली म्हणून बिरूवर खटला होईल. पाटीकडं ध्यान नव्हतं म्हणून हवालदाराची नोकरी जाईल. बिरूच्या कुरणाचा दावा माझ्याकडं, हवालदाराच्या बांधाचा बी माझ्याकडं. दोघंबी माझे अशील. सच्ची बात लई महागात पडते."

"मग?"

"मग काय, तुमची गाडी थांबली होती."

मी ताठ बसले. "मी खोटं बोलणार नाही."

"तुम्ही बोलूच नका. ते काम आमचं."

मुक्काम अर्थातच त्यांच्याच घरी. त्यांच्या बेगमसाहिबांनी आम्हाला खिचडी आणि खट्टा (चिंच आणि तिळाचं आंबट पातळ सार) वाढला. परक्या घरी मी काही जेवणार नाही, असं गल्लीत शिरताना माझ्या कानात सांगणाऱ्या कुसुमने खट्टा तीनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मुंगीला जागा नव्हती. पाहुण्या बाईंवर खटला म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. मॅजिस्ट्रेट साताऱ्याकडून नुकतेच बदलून आलेले, तरुण आणि काटेकोर. पहिला साक्षीदार बिरूदादा. मान खाली घालून उभा राहिला.

"बाईंची गाडी पाटीपाशी थांबली होती का?"

"व्हय साहेब."

"किती वेळ?"

इथं घोटाळा झाला. वकीलसाहेबांनी त्याला थांबली एवढंच शिकवलं होतं. पण कळंबात थांबणं म्हणजे चहा घेणं. जो चहा न घेता गेला तो थांबला असं तिथं कुणी समजत नाही. बिरूदादाने खोटं जमेल तितकं खऱ्यासारखं केलं. "च्या हुईस्तवर, साहेब. बाई आदी नगं म्हणल्या, मग घेतला."

दुसरा साक्षीदार चहावाला. "कपबशा म्याच नेल्या की! गाडी हुती चौकाच्या मधोमध. धाकल्या बाई म्हणल्या साखर कमी हाय, म्हणून पुन्ना करून दिला."

"मी असं कधी म्हणाले?" कुसुम माझ्या कानात फणकारली. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी हवालदार. गाडी थांबली नाही हे तुम्ही स्वतः पाहिलंत का, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं. हवालदारांनी एकदा बिरूकडे पाहिलं, एकदा वकीलसाहेबांकडे. "साहेब, म्या बी तितंच च्या पीत हुतो. पाठ चौकाकडं हुती."

मॅजिस्ट्रेट बराच वेळ लिहीत होते. त्यांनी वाचून दाखवलं की पाटीपाशी न थांबल्याचा गुन्हा शाबीत होत नाही. गाडी थांबली होती, याबद्दल पाहणाऱ्या दोन्ही साक्षीदारांचं एकमत आहे. मात्र बाजाराच्या दिवशी, भर चौकात, साखर कमी पडलेला चहा पुन्हा होऊन येईपर्यंत गाडी उभी ठेवणं हा रहदारीला अडथळा आहे. गुन्हा कबूल आहे काय?

मी तोंड उघडायच्या आत वकीलसाहेब गरजले, "कबूल!" आणि मागे वळून हळूच म्हणाले, "याचा शेरा लायसनवर पडत न्हाय बेटी."

दंड भरला, लायसन हाती आलं. कोरं करकरीत. मला पुन्हा रडू आलं, पण आता कुणी बघत नव्हतं. सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. वकीलसाहेबांनी फी घेतली नाही. निघताना मी त्या पाटीपाशी अगदी नियमाने थांबले, तर चहा घ्यावा लागला.

कुसुमला अंबाजोगाईला सोडून मी एकटी परत आले. मामंजींनी आधी लायसन मागितलं, चष्मा लावून मागून-पुढून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते काही विचारत नव्हते. मी गप्प बसले असते तर किल्ली माझीच होती. पण सबंध गाव माझ्यासाठी खोटं बोललं होतं. त्यावर आणखी माझं एक मला पेलेना. मी सगळं सांगून टाकलं. घोंगडी, वकील, चहा, साखर. शेवटी म्हटलं, "मामंजी, खरं म्हणजे मी थांबलेच नव्हते."

मामंजी खुर्चीत मागे रेलले. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली पळीसुद्धा वाजेना. शेजाऱ्याशी त्यांचा सामाईक भिंतीचा दावा कोर्टात कुजत पडला होता आणि त्या दाव्यात पुण्यातले नामांकित वकील मामंजींचीच भिंत मामंजींची आहे, एवढं अजून सिद्ध करू शकले नव्हते.

"न थांबलेली गाडी थांबली म्हणून सिद्ध केली त्यांनी?" मामंजींनी विचारलं.

"चहासकट."

त्यांनी किल्ली उचलली, क्षणभर हातात तोलली आणि माझ्यासमोर धरली.

"रविवारी मला कळंबला घेऊन चल."